वेशीबाहेरची खुर्ची

माझा भाऊ मेलांथियस लहानपणी रडून हट्ट करत नसे. तो नुसता बसून राही. एकदा वडिलांनी एक शिंगरू विकायला काढलं, तर हा तबेल्याच्या दारात जाऊन बसला. आईनं हाताला धरून ओढलं, चुलत्यानं कान पिळला, गिऱ्हाईक अंगणात ताटकळलं, पण हा काही उठेना. शेवटी वडीलच हसले आणि शिंगरू घरीच राहिलं. "हा एक तर सेनापती होईल, नाहीतर कुणाच्या तरी हातचा मार खाऊन मरेल," असं ते म्हणायचे. दोन्हींतलं काहीच झालं नाही. तो आमच्या आरमेसा गावाचा बिशप झाला.

अथेन्सला जाऊन तो वक्तृत्व शिकून आला होता. आला तेव्हा त्याच्या बोलण्यातला आमच्या कप्पदुकी मुलखाचा हेल पार गेलेला. "दादा, तू आता शिंकतोस तेसुद्धा अथेन्सवाल्यासारखा," असं मी त्याला चिडवायची. लोकांना मात्र त्याचं बोलणं फार आवडायचं. त्याचं प्रवचन असलं की चर्चमध्ये उभं राहायला जागा नसायची, आणि एखादं वाक्य नेमकं लागलं की लोक नाटकाला वाजवतात तशा टाळ्या वाजवायचे.

त्या वर्षांत प्रभूच्या देहावरून मोठा वाद चालू होता. काही विद्वानांचं म्हणणं असं, की देवाला आपल्यासारखा घामाचा, दुखणारा, कुजणारा देह कसा असेल? तो येतानाच कसलातरी शुद्ध, तेजाचा देह घेऊन आला असणार. दादानं त्यावर एक ग्रंथ लिहिला. दूरच्या अंत्युखिया शहरापर्यंत त्याच्या नकला गेल्या. त्यातलं एक वाक्य तर आमच्या गावात धुणं धुणाऱ्या बायकाही म्हणायच्या: देवानं देह घेतला तेव्हा निवडून घेतला नाही.

हा ग्रंथ लोकांना वाचून दाखवला अगापितनं. अगापित आमच्या चर्चचा वाचक, उपासनेत शास्त्र मोठ्यानं वाचणारा, खोगीर शिवणाऱ्याचा मुलगा. त्याचा आवाज असा, की खांबाआड उभ्या असलेल्या बहिऱ्या म्हातारीलाही कळावं. हे वाक्य त्याच्या तोंडून आलं त्या दिवशी टाळ्या थांबेनात. दादाचे कान लाल झाले होते. त्याला ते आवडलं होतं, उगाच कशाला खोटं सांगू?

मी लवकर विधवा झाले आणि चर्चची सेविका झाले. बाप्तिस्म्याच्या वेळी बायकांना तेल लावणं, आजाऱ्यांकडे जाणं ही माझी कामं. त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

एका शरद ऋतूत या देहाच्या वादावरच्या बिशपांच्या सभेसाठी दादा अंत्युखियाला गेला. मागून बर्फ पडलं, खिंडी बंद झाल्या आणि तो तिकडेच अडकला. इकडे भर थंडीत एका रविवारी अगापित वाचायला उभा राहिला. खिडकीतून ऊन थेट त्याच्या तोंडावर आलं. पुढच्या रांगेतली एक बाई ओरडली, "अगं बाई, याच्या भुवया कुठंयत?"

भुवया झडल्या होत्या. कपाळावर फिकट चट्टा होता, आणि अगापितनं केस पुढे ओढून तो झाकला होता. लोक असे मागे सरले की दोन म्हाताऱ्या पडल्या. ज्येष्ठ धर्मगुरू फिलाग्र वेदीवरून खाली आला. तो भला माणूस, पण भित्रा. त्यानं अगापितच्या हातातून पुस्तक घेतलंसुद्धा नाही, नुसतं बोटानं दाखवलं, "तिथं ठेव. आणि जा."

मी मध्ये पडले. "अहो, निदान त्याला वाचन तरी संपवू द्या. इतकी वर्षं वाचतोय तो."

"अम्मिया, तू बायकांच्या बाजूला हो," फिलाग्र म्हणाला.

नगरसभेनं त्याच दिवशी अगापितला वेशीबाहेर काढलं. आमच्याकडे महारोग झाला की माणूस कबुतरघळीत जातो. गावाच्या खाली खोल घळ आहे, मऊ दगडात कोरलेल्या जुन्या गुहा आहेत आणि मधून ओढा वाहतो. घरचे लोक कड्यावरून दोरीनं भाकरी सोडतात. काहींचे सोडतात, काहींचे विसरतात.

ईस्टरच्या आधीच्या उपासात दादा परत आला. सभेत तो जिंकला होता. मोठमोठ्या बिशपांनी त्याच्या ग्रंथावर सह्या केल्या होत्या आणि गाव त्याला घ्यायला पार पुलापर्यंत गेलं होतं. दुसऱ्या सकाळी प्रार्थनेला भलताच कुणीतरी वाचायला उभा राहिला. दादानं त्याला थांबवलं.

"अगापित कुठाय?"

मग फिलाग्रनं सांगितलं. अगदी हळू आवाजात, वाईट वाटत असल्यासारखं सांगितलं.

"कुणी काढलं त्याला?"

"नगरसभेनं. कायदाच आहे तसा, मेलांथियस. तुझ्या आधीपासून आहे."

"ते मला माहीत आहे. चर्चमधून कुणी काढलं, ते विचारतोय मी."

फिलाग्रनं मान खाली घातली. दादानं अंगावरचा झगा उतरवून माझ्याकडे दिला आणि प्रार्थना अर्धी टाकून तो बाहेर पडला. मी झगा बाकावर टाकला आणि त्याच्या मागे धावले.

घळीत उतरणारी वाट निसरडी होती. बर्फ वितळत होतं. दादा दोनदा घसरला. खाली एक म्हातारी दगडावर बसून मसूर निवडत होती. तिचं नाव बासा. हाताची बोटं निम्मी उरलेली, तरी ती खडा बरोबर बाजूला सारत होती. ती घळीतली कारभारीण होती, तिच्या शब्दाबाहेर तिथं कुणी जात नसे.

"कोण हो? वाट चुकलात वाटतं?" ती म्हणाली.

"मी बिशप आहे."

"ते दिसतंय. वहाणा चांगल्या आहेत तुमच्या. वाट चुकलात का, ते विचारलं."

"अगापितला भेटायला आलोय."

तिनं हनुवटीनं एक गुहा दाखवली. दादा तिथं गेला आणि बाहेरूनच हाक मारली. आतून एक दगड आला आणि त्याच्या पायाशी पडला.

"परत जा," आतून आवाज आला. आवाज अगापितचाच, पण घोगरा झालेला. "तुमचं ते वाक्य मीच वाचलं होतं सगळ्यांना. आठवतं ना? मला वाटलं होतं, ते खरं आहे."

"खरंच आहे ते."

"मग ते वर सांगा. इथं काय सांगताय?"

निघताना बासा म्हणाली, "बिशपबाबा, रागावू नका त्याच्यावर. नवा आहे तो. आम्ही जुने झालो, आम्हांला ठाऊक आहे. लोक एकदा येतात, रडतात, जातात. तुम्ही रडला नाहीत हे बरं केलंत. पण एकदाच येणार असाल तर आता नका येऊ. माणसं आशा लावून बसतात, मग मलाच निस्तरावं लागतं."

वर चढताना दादा मला म्हणाला, "अम्मे, मी इतकी वर्षं कुणाला शिकवत होतो गं?"

"टाळ्या वाजवणाऱ्यांना," मी म्हटलं. त्याला राग आला असेल, पण तो चढत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो नगरसभेत गेला. सभेचा प्रमुख डोमेतियस, घोड्यांचा मोठा व्यापारी. ओढ्याच्या खालच्या अंगाला त्याचा कातडी कमावण्याचा कारखाना होता. त्याची मुलगी लांपी त्या वर्षी ईस्टरला बाप्तिस्मा घेणार होती आणि मीच तिला शिकवत होते. डोमेतियस मुळीच दुष्ट नव्हता. त्याचा एक भाऊ महारोगानं गेला होता, आणि ते त्यानं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"रविवारी त्यांना चर्चमध्ये येऊ द्या," दादा म्हणाला. "त्यांच्यासाठी वेगळा दरवाजा करू, वेगळी जागा करू. तुमच्या लेकरांना त्यांच्या मांडीवर बसवा असं नाही म्हणत मी."

"बिशपमहाराज, आज वेगळा दरवाजा, उद्या बाजार, परवा विहीर. माझा भाऊ कसा गेला ते सांगू का तुम्हांला? शेवटी त्याला पापणी मिटता येत नव्हती."

"ते ऐकून वाईट वाटलं मला. त्याला भेटायला कोण जायचं?"

"त्याचा इथं काही संबंध नाही. चर्च गावात आहे. गावात कोण येणार ते वेस ठरवते आणि वेस आमची आहे. ते आत येणार नाहीत."

दादा उठला. अगदी शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. ते आत येऊ शकत नसतील, तर चर्च बाहेर जाईल."

सभा हसली. त्यांना वाटलं, अथेन्सचं वक्तृत्व आहे.

दादा तडक चर्चमध्ये आला आणि वेदीमागची बिशपची खुर्ची त्यानं ओढून काढली. अक्रोडाची, जुनी, भलतीच जड खुर्ची. ज्या गावात ती असते त्या गावाला बिशप असतो, असा आमच्याकडचा रिवाज. फिलाग्र धावत आला.

"काय करतोयस तू हे? वेड लागलंय का?"

"एक बाजू धर."

"मी नाही धरणार! मुख्य बिशपांना कळवीन मी!"

"कळव. अम्मे, तू धर."

मी धरली. आम्ही दोघांनी ती खेचराच्या पाठीवर बांधली आणि भर बाजारातून घेऊन गेलो. लोक दुकानांतून बाहेर आले. कुणीतरी ओरडलं, "बाबा, खुर्ची दुरुस्तीला चाललीय का?" लोहार म्हणाला, "नाही रे, धन्याला दुरुस्तीची गरज आहे, खुर्ची ठीक आहे!" सगळे हसले. दादाही हसला. वेशीत पोचल्यावर तो मागे वळला आणि त्याच्या त्या कमावलेल्या आवाजात म्हणाला, "यंदाचा ईस्टर कबुतरघळीत होईल. ज्यांना बाप्तिस्मा घ्यायचाय त्यांनी पहाटे खाली यावं. रात्रीची प्रार्थना ठेवणार नाही, वाट वाईट आहे, कुणी पडायला नको." मग हसू थांबलं. आमच्याकडे बाप्तिस्मा बिशपच्याच हातून होतो, आणि त्या वर्षी गावातली बरीच मोठी माणसं रांगेत होती.

खाली बासानं खुर्चीकडे पाहिलं. "ही कशाला? जळणाला?"

"बसायला."

"बसायला इथं दगड पुष्कळ आहेत. खायला काय आणलंत?"

काहीच आणलं नव्हतं. मला हसू आवरेना. मी पुन्हा वर गेले आणि सातू, मसूर, मेंढीचं चीज, मिळेल ते घेऊन आले.

माझा भाऊ विद्वान होता, पण हातानं काम करायची त्याला सवय नव्हती. त्यानं पहिल्यांदा पेटवलेल्या चुलीनं सगळी गुहा धुरानं भरली. जखमा धुताना पहिल्या दिवशी तो बाहेर जाऊन ओकला, तोंड धुतलं आणि परत आत आला. बासानं त्याला पट्टी बांधायला शिकवलं. "घट्ट नको. अहो घट्ट नको म्हणते ना! दुखत नाही म्हणून कळत नाही आम्हांला, बोट काळं पडतं मग." तो शिकला. दुपारी तो खुर्चीत बसून शिकवायचा, जसा वर शिकवायचा तसाच, पण आता लोक मध्येच बोलायचे.

"तुमच्या प्रभूचा देह कसा होता म्हणता?" बासानं विचारलं.

"आपल्यासारखा."

"आपल्या म्हणजे कुणाच्या? तुमच्या की माझ्या?"

दादा म्हणाला, "दोघांच्या."

"मग मला बाप्तिस्मा का दिला नाही कुणी? आजारी पडायच्या आधी रांगेत होते मी. लग्न झालं होतं नुकतंच."

"ईस्टरला देतो," दादा म्हणाला. "सगळ्यांत आधी तुम्हांला."

अगापित गुहेबाहेर येत नव्हता. दादा रोज त्याच्या दाराशी भाकरी ठेवून यायचा. दगड मात्र पुन्हा आला नाही.

ईस्टरच्या पहाटे मी कड्याकडे पाहत उभी होते. वरच्या मोठ्या चर्चमधून गाणं ऐकू येत होतं. फिलाग्रनं तिकडे उपासना ठेवली होती आणि गाव तिकडेच गेलं होतं. घळीत आले ते थोडेच. दोन विणकर बायका, धन्यानं मुक्त केलेला एक गुलाम, आणि तो लोहार, ज्यानं बाजारात थट्टा केली होती. तो मला म्हणाला, "सेविकाबाई, थट्टा माझ्याच तोंडून गेली होती. रात्रभर झोप नाही." बाप्तिस्म्याच्या रांगेतले बाकीचे कुणी दिसले नाहीत. मग उजाडता उजाडता लांपी आली. एकटी, पायात चिखल, डोक्यावरचं वस्त्र काट्यात फाटलेलं.

"वडिलांना माहीत आहे?" मी विचारलं.

"आता झालं असेल माहीत," ती म्हणाली.

ओढ्यात दगड लावून दादानं एक डोह केला होता. बर्फाचं पाणी, हात घातला तर हाडं दुखत. आधी बासाला उतरवलं. मी तिला तेल लावलं. तिच्या पाठीवर माझा हात जिथं जिथं गेला तिथं तिला कळत नव्हतं, म्हणून मी तिला सांगत गेले, "आता खांदा, आता कंबर." तिच्या पायाच्या जखमा उघड्या होत्या. दादानं तिला तीनदा पाण्याखाली घेतलं, बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. वर आली तेव्हा ती थरथरत होती आणि शिव्या देत होती. "थंड आहे की हो! आधी सांगायचं नाही?" लोहार हसला आणि त्याचे डोळे भरून आले.

मग लांपीची पाळी. ती काठावर येऊन उभी राहिली. तेच पाणी. डोहात अजून बासाच्या अंगावरच्या तेलाचा तवंग तरंगत होता, आणि दगडावर थोडं रक्त होतं.

लांपी थांबली. दादा कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, त्याचे ओठ निळे पडले होते. मला वाटत होतं, बोल की रे, इतकं बोलता येतं तुला, आत्ताच कसा मुका झालास? पण तो नुसता उभा राहिला.

तेवढ्यात वाटेवर दगड घसरल्याचा आवाज आला. डोमेतियस खाली येत होता, एका हातानं नाकावर कापड धरून.

"लांपी! त्या पाण्याला पाय लावू नकोस! बाहेर ये!"

ती वळली. "बाबा, थोडं थांबा."

"थांबा काय? तुझा काका असाच गेला! मेलांथियस, माझ्या लेकीला काही झालं तर या घळीत तुला पुरीन!"

"तिला कुणी धरलेलं नाही, डोमेतियस," दादा म्हणाला. "तिला नको असेल तर ती वर जाईल. मी तिला काही म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला म्हणू देणार नाही."

लांपीनं डोळे मिटले. मला वाटलं, गेली. पण ती वर नाही गेली. तिनं पाय पाण्यात घातला, थंडीनं एक हुंकार काढला आणि उतरली. तीनदा पाण्याखाली गेली. बाहेर आल्यावर बासानं आपली कोरडी शाल तिच्यापुढे केली आणि मध्येच हात मागे घेतला. लांपीनं ती तिच्या हातून ओढूनच घेतली.

डोमेतियस म्हणाला, "आता घरी येऊ नकोस." एवढंच म्हणून तो वर गेला. जाताना कापड नाकावरून खाली पडलेलं होतं, त्याचं त्याला भान नव्हतं.

वाचनाची वेळ आली तेव्हा पुस्तक माझ्या हातात होतं. मागून कुणीतरी ते घेतलं. अगापित होता. तो आमच्यापासून लांब, पाण्यापलीकडे जाऊन उभा राहिला आणि वाचू लागला. आवाज फाटका होता. अर्धे शब्द ऐकूच आले नाहीत. त्या दिवशी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

उन्हाळ्यात दादाला मुख्य बिशपांच्या सभेत बोलावणं आलं. आरोप असा, की यानं आपलं चर्च सोडलं आणि निरोगी लोकांचा जीव धोक्यात घातला. मी बरोबर गेले होते. तिथं तेच बिशप बसले होते ज्यांनी त्याच्या ग्रंथावर सह्या केल्या होत्या.

"माझ्या ग्रंथातलं कुठलं वाक्य खोटं आहे ते सांगा," दादा म्हणाला, "मी उद्या खुर्ची वर घेऊन जातो."

एक वयोवृद्ध बिशप कळवळून म्हणाले, "बाळा, वाक्य खरं आहे. पण सगळी खरी वाक्यं लगेच अमलात आणायची नसतात."

"मग सह्या कशाला केल्यात, बाबा?"

निकाल मात्र त्यांच्याच हातात होता. आरमेसाचं बिशपपद फिलाग्रला मिळालं. दादाला खेड्यावरचा दुय्यम बिशप केलं. खेडं कुठलं, तर कबुतरघळ. त्यांना ही शिक्षा वाटली. दादानं वाकून आभार मानले. बाहेर आल्यावर म्हणाला, "अम्मे, आता तरी आपल्याला कुणी हलवू शकणार नाही."

पुढची वर्षं कामात गेली. गुहांच्या पुढे भिंती उभ्या राहिल्या, भाकरी भाजायची भट्टी आली, आजाऱ्यांसाठी लांब ओसरी झाली. लोहारानं आपली भट्टीच घळीच्या तोंडाशी आणली. दुसऱ्या गावांतून माणसं यायला लागली, काही रोगी, काही नुसतीच. लांपी माझ्याकडे राहून सगळं शिकली आणि माझ्यापेक्षा कडक झाली. एका फार वाईट हिवाळ्यात जळण संपलं तेव्हा दादानं स्वतः कुऱ्हाड घेऊन ती अक्रोडाची खुर्ची फोडली. बासा ओसरीतून म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं ना!" त्याच हिवाळ्यात ती गेली.

डोमेतियस एकदा आला होता. ओढ्याचं पाणी आमच्या धुण्यानं घाण होतं, त्याची कातडी खराब होतात, असं भांडायला. लांपीच त्याच्याशी भांडली. शेवटी धुणं ओढ्याच्या दुसऱ्या फाट्यावर न्यायचं ठरलं. निघताना तो म्हणाला, "हाडं निघालीत तुझी. खातेस का नीट?" ती म्हणाली, "खाते." त्या शरदात त्याच्याकडून मेंढ्या आल्या. निरोप काही आला नव्हता. पुढेही दरवर्षी येत राहिल्या.

दादा साठीच्या आत गेला. रोगानं नाही, साध्या तापानं. तोवर त्याच्या ग्रंथाचं नाव फार मोठं झालं होतं. लांब लांबच्या पाठशाळांत तो शिकवला जात होता. मेल्याची बातमी वर गेली आणि दुसऱ्याच सकाळी फिलाग्र घळीत आला. म्हातारा झाला होता, काठी टेकत, दोघांच्या आधारानं आला. तिथं तो पहिल्यांदाच उतरत होता.

"अम्मिया, त्याला आम्हांला दे," तो रडत म्हणाला. "मोठ्या चर्चमध्ये, वेदीजवळ ठेवू त्याला. गावाची इच्छा आहे. मी त्याच्याशी बरोबर वागलो नाही."

मी अगापितकडे पाहिलं. त्याच्या बोटांचं आता काही उरलं नव्हतं, पण बासानंतर घळ तोच चालवत होता.

"न्या," अगापित म्हणाला. "पण खांदा आम्ही देणार."

फिलाग्रला समजायला वेळ लागला. "म्हणजे... वेशीतून?"

"मग काय तटावरून दोरीनं ओढून घेणार? वेशीतून, बाजारातून, चर्चमध्ये. आमच्या खांद्यावरून. नाहीतर तो इथंच बरा आहे."

"ते माझ्या हातात नाही रे."

"ज्यांच्या हातात आहे त्यांना विचारून या. आम्हांला घाई नाही."

फिलाग्र विचारायला वर गेला, आणि दुपारी निरोपाची वाट न पाहता आम्ही तिरडी उचलली आणि वर चढलो. अगापित पुढे, लांपी आणि लोहार मध्ये, बाकी ज्यांना चालता येत होतं ते सगळे. वेस बंद होती. आम्ही तिरडी खाली ठेवली नाही. पलीकडे पुष्कळ माणसं जमल्याचं ऐकू येत होतं. खांदे दुखायला लागले तेव्हा माणसं बदलली, पण तिरडी खाली ठेवली नाही.

बऱ्याच वेळानं आतून डोमेतियसचा आवाज आला. अजून तोच सभेचा प्रमुख होता.

"लांपी, तू आहेस का तिथं?"

"आहे, बाबा."

"त्यांच्यात?"

"हो. उजव्या बाजूला."

तो पहारेकऱ्याला म्हणाला, "उघड. अरे पूर्ण उघड, एक फळी काय उघडतोस!"

लोक दोन्ही बाजूंना भिंतींना चिकटून उभे होते. काहींनी तोंडावर कापड धरलं होतं. काहींनी धरलं नव्हतं. डोमेतियस आमच्या मागून चालत आला, थोडं अंतर ठेवून, पण चर्चपर्यंत आला. आत गेल्यावर अगापित वाचकाच्या जागेपाशी थांबला. तिथं नवा वाचक पुस्तक धरून उभा होता. तो बाजूला झाला. अगापितनं मान हलवली, "तू वाच. मला आता पानं उलटता येत नाहीत." मग नव्या वाचकानं पानं उलटली आणि अगापितनं वाचलं. घोगऱ्या आवाजात, हळू. तरी त्या दगडी घुमटाखाली मागच्या खांबापर्यंत ऐकू गेलं असेल.

दफन झालं, लोक पांगले, आम्ही घळीत परत आलो. त्या रात्री कुणाला झोप नव्हती. लांपीनं विचारलं, "आता?"

"आता काय?" अगापित म्हणाला. "रविवारी पुन्हा जायचं."

रविवारी आम्ही पुन्हा वर गेलो. या वेळी खांद्यावर कुणी नव्हतं. पहारेकरी आमच्याकडे पाहत राहिला. आम्हांला आत सोडावं असा हुकूम त्याला कुणी दिला नव्हता, आणि अडवावं असाही दिला नव्हता. तो आमच्याकडे पाहत होता, आम्ही त्याच्याकडे.

"प्रार्थना सुरू होईल," मी म्हटलं. "जरा बाजूला हो, बाळ."

तो बाजूला झाला.